अकरा वीसचा पेशंट

मंगळवार, ४ फेब्रुवारी

पिवळा भिंतीला घासत खाली येत होता. मी त्याला आडवी जाणार, इतक्यात काउंटरवर टकटक झाली.

"बाई, माझा नंबर कधी?" गाल सुजलेले एक गृहस्थ.

मी मान वर न करता पाच मिनिटं म्हणाले. तेवढ्यात पिवळ्याने मला वळसा घालून कोंडलं. मेले. जिंकला की तो स्वतःभोवती एक गिरकी घेतो. घेतली.

मग आणखी चार डाव. तीन त्याने जिंकले. एक मी, तोही त्याने सोडला म्हणून.

पिवळा म्हणजे मुंगळा. माझा मुलगा, नऊ वर्षांचा. तान्हा असताना बोट धरलं की सोडायचा नाही, तेव्हापासून मुंगळा. तो शाळेच्या कॉम्प्युटरच्या खोलीत, मी दातांच्या दवाखान्यात काउंटरमागे. मंगळवार आणि गुरुवार, अकरा वीस ते अकरा पंचावन्न. चौथी ब चा कॉम्प्युटरचा तास.

शाळेत सगळे खेळ बंद करून ठेवतात. हा चालतो, कारण कुणीतरी त्याची नक्कल अभ्यासाचं नाव देऊन ठेवली आहे. वर लिहिलंय 'भूगोल सराव', आणि आत साप. घरी असताना मुंगळ्यानेच मला ते दाखवलं होतं. ठिपके खायचे, लांब व्हायचं, भिंतीला किंवा दुसऱ्याला धडकलं की मेलं. स्वतःची खोली करता येते. चार आकडे ठाऊक असतील तोच आत येतो. आमचे आकडे ३८३३. घराच्या जिन्याच्या पायऱ्या अडतीस, त्याच्या बुटाचा नंबर तेहतीस. आता पाय मोठा झाला असेल.

या खेळात लिहिता येत नाही. फक्त रंग निवडता येतो. तो पिवळा, मी लाल.

वकीलबाईंनी सांगितलंय, तारीखवार सगळं लिहून ठेवा, कोर्टाला तारखा लागतात, हुंदके नाही. त्यांच्यासाठीची वही वेगळी आहे. ही माझी.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

आला. डाव सुरू व्हायच्या आधी दोन गोल फिरला, मीही फिरले. हा आमचा नमस्कार.

आणि शेवटची भिंत. घरी झोपायची वेळ झाली की तो म्हणायचा, "आई, आता कोणीच जिंकायचं नाही." मग दोघं शेजारी शेजारी सरळ भिंतीकडे जायचो आणि एकदमच आपटायचो. एक जण आधी मेला तर पुन्हा. कधी कधी यातच अर्धा तास जायचा.

आज घंटेच्या आधी तो माझ्या शेजारी आला. गेलो. एकदम आपटलो.

दिवसभर बरं वाटलं. एका म्हातारीला चुकून दोनदा कवळी छान दिसते म्हणाले. ती कवळी दुरुस्त करायला आली होती.

रविवार, ९ फेब्रुवारी

ताईकडे बाहेरच्या खोलीत झोपते. भावोजी सकाळी पेपर वाचायला येतात ते दारातच खाकरतात. मला आणखी किती दिवस राहणार, असं ते विचारत नाहीत. ताई मात्र दुसरंच विचारते.

"तू त्याला उठवलं का नाहीस गं त्या दिवशी?"

शंभरदा विचारून झालंय. पहाटे साडेपाचला निघाले. मुंगळा पालथा झोपला होता. उठवलं असतं तर निघता आलं नसतं. आठवड्यात खोली बघून त्याला घेऊन जाणार होते. आठवड्याने गेले तर कुलूप बदललेलं. मग शाळेच्या फाटकावर गेले. त्याचा हात धरून ओढला. शर्टाची बाही फाटली. तो रडला, शिपाई धावला, सगळी शाळा खिडकीत. त्यानंतर कोर्टात मला लेखी द्यावं लागलं, की शाळेच्या आवारात जाणार नाही आणि मुलाशी परस्पर संपर्क करणार नाही. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी एक तास भेट. तीन शनिवार मी भेटीच्या केंद्रातल्या बाकावर बसून आले. एकदा ताप, एकदा पाहुणे, एकदा कारणही नाही.

त्याला वाटत असेल, आई झोपेत सोडून गेली. तसंच झालंय. पण परत येणार होते, हे त्याला कोण सांगणार? सापाला तोंड असून बोलता येत नाही.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

आला नाही.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

आला नाही. अकरा पंचावन्नपर्यंत लाल एकटा फिरत होता. मी त्याला मरू दिलं नाही. एवढा लांब झाला की शेवटी वळायला जागा उरली नाही.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

आजारी असेल का? असेल तर कळायला मार्ग नाही. त्याचे बाबा फोन उचलत नाहीत. सासूबाई उचलतात आणि न बोलता ठेवतात. मागे टीव्हीचा आवाज येतो, तेवढा ऐकते.

नाहीतर शाळेने खेळ बंद केला. हे जास्त खरं वाटतं. दवाखान्यातून तो उघडतोय, शाळेतून उघडत नसेल. आणखी सहा नकला शोधून काढल्या. 'पाढे पाठांतर', 'शब्दसंपत्ती', सगळ्यांत सापच. पण कुठल्या नकलेत येऊ ते त्याला कसं सांगू?

मंगळवार, १८ फेब्रुवारी

शाळेत फोन केला. आवारात जायचं नाही असं लिहून दिलंय, फोनचं काही लिहिलेलं नाही. ऑफिसातून कॉम्प्युटरच्या सरांना जोडून दिलं.

"मी पालक बोलतेय. तो भूगोलाचा सराव मुलांना उघडत नाहीये."

"बाई, त्यात साप आहेत."

"हो, पण दिशा कळतात ना. पूर्व, पश्चिम."

"वर, खाली, डावीकडे, उजवीकडे," सर म्हणाले. "त्याला भूगोल म्हणत नाहीत. आणि एकट्या चौथीत बारा मुलं तास सोडून तेच खेळत होती. मुख्याध्यापकांनी मला बंद केलेल्या खेळांची यादी दारावर लावायला सांगितली. लावली. आता मुलं त्या यादीतूनच एकेक खेळ निवडून घरी खेळतात."

मला हसू आलं आणि ते रडण्यासारखं आलं. सर थांबले.

"कोणता वर्ग तुमच्या मुलाचा?"

"चौथी ब."

"नाव?"

मी फोन ठेवला.

गुरुवार, २० फेब्रुवारी

उघडला! अकरा पंचवीसला पिवळा आला. दोन गोल.

बंद करायचा राहिला असेल पुन्हा, किंवा यादीत चुकून दुसरंच काही टाकलं. सरकारी नाही तरी शाळाच ती, चालायचंच. देवाने त्यांचा हा वेंधळेपणा असाच ठेवावा.

मुंगळा सुसाट होता. दोन आठवड्यांचा उपाशी. मला सहा वेळा मारलं. शेवटी भिंत.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

डॉक्टरबाईंनी भेटींची वही मागितली. मंगळवार-गुरुवार अकरा वीसच्या जागी मी दर वेळी लिहिते, 'रूट कॅनल, पुढची बैठक'. तेवढा वेळ मोकळा राहावा म्हणून.

"या माणसाच्या दाताला मुळं किती आहेत गं? वडाचं झाड आहे का?"

"ते येतात आणि घाबरून परत जातात, डॉक्टरबाई."

"दहा वेळा?"

"फार भित्रे आहेत."

चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "आला की आत पाठव. मलाही बघू दे एवढा भित्रा माणूस." वही परत दिली.

पिवळा आज लवकर आला होता. माझ्या आधी खोलीत थांबला होता.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

आज तो खेळलाच नाही. माझ्याभोवती गोल फिरत राहिला. दोन नाही, पाच, सहा, सात. मी ठिपक्यांकडे जायची, तो पुन्हा माझ्याभोवती. मला वाटलं चेष्टा करतोय. मी त्याला चुकवून निघायला बघत होते.

अकरा चाळीसला तो भिंतीजवळ जाऊन तिच्या कडेने वर-खाली फिरत राहिला. एवढ्यात कशाला भिंत, अजून पंधरा मिनिटं होती. मी निघाले होते त्याच्याकडे, तेवढ्यात आतून डॉक्टरबाईंची हाक. पेशंटला चक्कर आलेली. मी पाणी घेऊन धावले. परत आले तेव्हा अकरा बावन्न. पिवळा अजून भिंतीशीच होता. मी खुर्चीवर बसेपर्यंत तो आपटला. एकटाच.

नंतर आला नाही.

रागावला असणार. मंगळवारी आधी भिंत, मग खेळ.

मंगळवार, ४ मार्च

आला, अगदी अकरा वीसला. एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. रागावला नव्हता तर!

पण आज हातच चालत नव्हता त्याचा. वळायचं तिथे उशिरा वळायचा. तीनदा स्वतःच्याच शेपटीवर आपटला. मीच जिंकत होते. जिंकायला नको वाटत होतं. सर्दी असेल. लहानपणी सर्दी झाली की त्याचं सगळंच मंद व्हायचं, चालणंसुद्धा.

मी भिंतीशी गेले, थांबले. तो आला नाही. भिंत दिसली की मागे वळायचा, जपून. अकरा पंचावन्न होऊन गेले तरी खोलीत होता. मी गेल्यावर गेला असेल.

गुरुवार, ६ मार्च

पुन्हा तसंच. दोन गोलही नाहीत.

मी त्याला एकटं आपटू दिलं त्याची ही शिक्षा. बरोबर आहे. त्याच्या जागी मी असते तर आलेच नसते.

मंगळवार, ११ मार्च

आज मी एकही ठिपका खाल्ला नाही. नुसती भिंतीशी जायची आणि मरायची. पुन्हा खोलीत यायची, पुन्हा मरायची. नऊ वेळा. पिवळा मध्यभागी सावकाश फिरत राहिला, बघत असल्यासारखा.

दहाव्या वेळी तो माझ्या मागे आला. मी आपटले. मग थोडा वेळ गेला आणि तोही आपटला. एकदम नाही. पण आपटला.

क्षमा केली. असंच करायचा तो. रुसला की आधी पाय लावायचा माझ्या पांघरुणाला, मग हात, मग सगळा आत.

काउंटरवरच रडले. समोरच्या मुलीने आईला विचारलं, "या मावशींचा पण दात काढला?"

शुक्रवार, १४ मार्च

वकीलबाईंकडे. सत्तावीसला सुनावणी. त्या दिवशी ठरेल, की न्यायाधीश मुलाला आत बोलावून कुणाकडे राहायचं ते विचारणार की बाबांच्या सांगण्यावरच भागवणार. त्यांच्या अर्जात लिहिलंय, मुलगा आईची आठवणही काढत नाही.

"तो तुमच्याशी जोडलेला आहे असं दाखवणारं काय आहे? पत्र? फोन? चित्र?"

मी सापाचं सांगितलं. वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं.

"हे आणखी कोणाला बोललात?"

"नाही."

"बोलूही नका. परस्पर संपर्क नाही असं तुम्ही सही करून दिलंय. हे बाहेर आलं तर शनिवारचा तासही जाईल."

"पण तो स्वतःहून येतो."

"नऊ वर्षांचं पोर स्वतःहून काय काय करतं ते कोर्टात सांगायचं नसतं. तोंडाला कुलूप लावा. शपथ घ्या."

घेतली.

मंगळवार, १८ मार्च

त्यांची परीक्षा सुरू झाली. दवाखान्यात त्या शाळेतली मुलगी आली होती, गणिताचा पेपर होता, तो देऊन आले म्हणाली. म्हणजे तास नाहीत. येणार नाही हे ठाऊक असून खोली उघडली.

पिवळा हजर! पेपर लवकर सोडवून पळाला असेल. माझ्यासाठी. मला ओरडायला हवं, पण कसं ओरडू? सापाला सापाने ओरडायचं कसं?

आता खेळात सुधारणा आहे. पण पूर्वीसारखा अंगावर येत नाही. मला वाट देतो. त्याचा साप माझ्या दुप्पट असला तरी बाजूला होतो. खेळाचं नाव न काढता ताईला म्हणाले, एका महिन्यात मुंगळा किती समजूतदार झाला असेल.

ताई पोळपाट धूत होती. "नऊ वर्षांची मुलं समजूतदार होत नसतात," ती म्हणाली. "झाली तर काहीतरी बिघडलंय."

तिला मूल नाही. तिला काय कळणार, असं मनात आलं. वाईट आलं.

मंगळवार, २५ मार्च

आला. दोन गोल फिरला! किती दिवसांनी. मी फिरले, मग माझं बघून तोही फिरला.

परवा त्याला आत बोलवायचं ठरलं, तर तो सांगेल. नुसतं 'आई' एवढं म्हणाला तरी पुरे.

गुरुवार, २७ मार्च

शपथ मोडली.

कोर्टात सगळं सुरळीत चाललं होतं. त्यांच्या वकिलांनी वाचून दाखवलं, मुलगा आनंदात आहे, स्थिर आहे, आईला विचारतही नाही. विचारतही नाही, असं तीनदा म्हणाले. तिसऱ्यांदा मी उठले.

"खोटं आहे. दर मंगळवारी-गुरुवारी तो माझ्याशी खेळतो. शाळेतून. परवासुद्धा खेळला. परीक्षेच्या दिवशीसुद्धा पेपर सोडून आला."

वकीलबाईंनी माझी ओढणी खाली खेचली. उशीर झाला होता.

न्यायाधीशांनी सगळं विचारलं. कुठला खेळ, कुठल्या वेळी. मी सांगत गेले. आता सुटल्यासारखं वाटत होतं. मग त्यांनी मुलाच्या बाबांकडे पाहिलं.

पाच महिन्यांत पहिल्यांदा नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. रागाने बघितलं असतं तर बरं होतं.

"तो त्या शाळेत नाही," तो म्हणाला. "अठ्ठावीस फेब्रुवारीला दाखला काढला. माझ्या बहिणीकडे आहे, तिच्या गावी. तिथल्या शाळेत जातो."

दाखला पुढे केला. तारीख अठ्ठावीस फेब्रुवारी.

"मग तुम्ही खेळत कोणाशी होता, बाई?" न्यायाधीश म्हणाले.

कोणी हसलं नाही.

हुकूम: दहा एप्रिलला मुलाला हजर करावं, ते स्वतः त्याच्याशी बोलतील. तोपर्यंत आईने कुठल्याही मार्गाने, खेळातूनसुद्धा, मुलाशी संपर्क करू नये. केल्यास भेटीचा हक्क रद्द.

जिन्यात वकीलबाई म्हणाल्या, "तुमचं तोंडच तुमचा वैरी आहे." पुढच्या पायरीवर थांबल्या. "पण मुलाला आणायला लावलंत. ते मला जमलं नसतं."

शुक्रवार, २८ मार्च

ही वही पहिल्यापासून वाचली.

चार मार्चपासून पुढे कोणीतरी दुसरंच आहे. सगळं मीच लिहिलंय, माझ्याच हाताने. उशिरा वळतो. वाट देतो. घंटेनंतरही बसून राहतो. नऊ वर्षांचं पोर घंटेनंतर कॉम्प्युटरपाशी बसून कसं राहील? मला दिसलं नाही.

आणि सत्तावीस फेब्रुवारी. तो माझ्याभोवती सात वेळा फिरला. मी त्याला चुकवत होते. मग भिंतीशी बारा मिनिटं थांबला.

तो सांगून जात होता. मी त्याला सांगून गेले नाही, तो मला सांगून जात होता, आणि मी पाणी आणायला गेले.

पुढे लिहवत नाही.

मंगळवार, १ एप्रिल

अकरा वीसला खोली उघडली. तो मुंगळा नाही, म्हणजे हुकूम मोडत नाही. कोण असेल? आकडे कुणाला कळले? माझ्या मुलाच्या कातडीत शिरून महिनाभर माझ्याशी खेळणारा हा कोण?

पिवळा तिथे होता. दोन गोल फिरला. मी हलले नाही. माझा लाल सरळ जाऊन मेला. पुन्हा आला, पुन्हा मेला. पिवळा भिंतीशी आला आणि तिच्या कडेने वर-खाली फिरू लागला.

तिथे, तसं फिरणारा माणूस पाहून मला एकदम कळलं की तो वाईट नाही.

माझ्या फोननंतरच तर खेळ पुन्हा उघडला होता. शाळेत फोन लावला. कॉम्प्युटरचे सर हवेत म्हणाले. पडद्यावर पिवळा भिंतीवर आपटला. मग सर फोनवर आले.

"सर, पिवळा तुम्ही आहात का?"

"मला नीट जमत नाही, बाई," सर म्हणाले. "माझे हात हळू आहेत."

मग त्यांनी सांगितलं. मी मागे फोन ठेवल्यावर ते चौथी ब मध्ये गेले आणि विचारलं, साप बंद झाल्याचं वाईट कुणाकुणाला वाटलं? सगळ्या वर्गाने हात वर केले. एकाने केला नाही. त्याला मागे थांबवलं. त्याने खोलीचे आकडे सांगितले, लाल कोण तेही. मग सरांनी खेळ फक्त बारा नंबरच्या कॉम्प्युटरवर चालू करून दिला.

"शेवटच्या दिवशी तो म्हणाला, सर, मंगळवारी आई येईल. तिला वाटेल मी न सांगता गेलो. मी म्हटलं, मग आज सांग की. तर म्हणाला, यात बोलता येत नाही, पण सांगतो. तास संपल्यावर माझ्याकडे आला. म्हणाला, सांगितलं. तिला कळलं नाही."

मी काउंटरची कड धरून उभी होते.

"म्हणून मी बसलो. वाटलं, दोन-चार वेळा येईन, मग हळूहळू सोडीन. मग तुम्ही त्या भिंतीवर मरायला लागलात. सोडता येईना. फसवणूकच झाली, बाई. मला ठाऊक आहे."

मी म्हणाले, मी कोर्टात सांगितलं. ते म्हणाले, अरे देवा. मी म्हणाले, नाही, त्यामुळेच त्याला आणणार आहेत.

"आणखी एक," सर म्हणाले. "खेळाचा पत्ता मी त्याच्या कंपासपेटीत चिठ्ठीवर लिहून दिलाय. तिकडच्या शाळेत चालेल की नाही, सांगता येत नाही."

"सर, उद्यापासून तुम्ही येऊ नका."

"बरं."

"रागाने नाही. म्हणजे जो येईल तो तोच असेल."

फोन ठेवला तर मागे डॉक्टरबाई उभ्या. हातमोजे घातलेले. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे.

"तर हा तो भित्रा पेशंट," त्या म्हणाल्या.

बुधवार, २ एप्रिल

अडकित्त्यात सापडले आहे. तिकडे त्याला चिठ्ठी सापडली आणि खेळ चालला, तर तो खोलीत येईल. मी तिथे असले तर हुकूम मोडला, मुलगा गेला. नसले तर पुन्हा एकदा आई न सांगता गेली. आणि दहा तारखेला तो तेच मनात घेऊन न्यायाधीशांपुढे बसेल.

त्याचा तास कोणत्या वारी, किती वाजता, तेही ठाऊक नाही.

डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं. त्या दाताच्या एक्स-रेकडे बघत ऐकत होत्या.

"हुकूम तुला आहे," त्या म्हणाल्या. "मला आहे का?"

"डॉक्टरबाई, तुम्हाला साप चालवता येतो?"

"मी चौतीस वर्षं लोकांच्या तोंडात बारीक काम करते. मला साप चालवता येणार नाही?"

येत नव्हता. पहिल्याच मिनिटाला चारदा मेल्या आणि कॉम्प्युटरला शिव्या दिल्या. मी वेगळी खोली काढून त्यांना शिकवलं. दोन गोल. मग खेळ, पण त्याला सोडून द्यायचं नाही, त्याला कळतं. मग शेवटची भिंत. बरोबर एकदम. ते जमेना. मग त्यांनीच युक्ती काढली, माझ्या कडेला चिकटून चालायचं आणि श्वास धरायचा, सुई टोचताना धरतात तसा.

भावोजींना सांगितलं तर ते म्हणाले, "कायद्यात बसतं का हे?" ताई म्हणाली, "पेपर वाचा तुम्ही."

शुक्रवार, ४ एप्रिल

डॉक्टरबाईंनी काउंटरवरचा कॉम्प्युटर आतल्या खोलीत, खुर्चीशेजारी नेऊन ठेवलं आहे. दाढेत औषध भरून ते सुकेपर्यंत पडद्याकडे बघतात. पेशंटला वाटतं, आपलाच एक्स-रे आहे. मी बाहेर बसते. आत बघत नाही.

कोणी आलं नाही.

मंगळवार, ८ एप्रिल

सहा दिवस. लाल एकटाच.

आता मला वाटतं चिठ्ठी सापडली नसेल. कंपासपेटी हरवली असेल. आत्याने झाडून टाकली असेल. किंवा सापडली, आणि त्याला यायचं नाही. हेच खरं असेल. मी त्याच्या भिंतीला गेले नाही, तो माझ्या भिंतीला का येईल?

परवा त्याला विचारतील. तो काय सांगेल ते मला आजच ठाऊक झाल्यासारखं वाटतंय. मी असते तर काय सांगितलं असतं? जी उठवत नाही ती आई नको, असंच.

सरांचा फोन आला होता. आला का, एवढंच विचारलं. नाही म्हटल्यावर म्हणाले, "बारा नंबर मी अजून कुणाला दिलेला नाही."

डॉक्टरबाई निघताना म्हणाल्या, "उद्या सकाळी नऊपासून बसते. पहिला पेशंट साडेदहाला घे." मी वहीत नऊ ते साडेदहा लिहिलं, 'रूट कॅनल, शेवटची बैठक'.

बुधवार, ९ एप्रिल

नऊ पन्नासला आतून हाक आली. "अगं, आला."

मी दाराकडे पाठ करून हत्यारं पुसत राहिले.

"रंग?"

"पिवळा. फिरतोय. एक. दोन."

"तुम्ही पण फिरा."

"फिरले. अगं, काय वेगात येतोय हा! मेले. पुन्हा मेले. हा गिरक्या काय घेतोय?"

"जिंकला की घेतो."

दहा वाजून दहा मिनिटांनी त्या हळू आवाजात म्हणाल्या, "आता खेळत नाहीये. माझ्या बाजूला येऊन चाललाय."

"भिंत," मी म्हणाले. "बरोबर जा. श्वास धरा."

मी चिमटा पुसत होते.

"गेलो," डॉक्टरबाई म्हणाल्या. "एकदम."

साडेदहाचा पेशंट आला. त्याला आत सोडलं.